ब्लीच एकटंच बरं

हळदीचा कार्यक्रम आटोपला की दुसऱ्या दिवशी पांढऱ्या झब्ब्याला साबण लावताच पिवळे डाग लालभडक होतात आणि घरात धावपळ उडते. कपडा बिघडलेला नसतो. हळदीतलं कुरकुमिन साबणाच्या अल्कलीत तांबडं होतं आणि स्वच्छ पाण्यात खळबळल्यावर पुन्हा पिवळं दिसतं. हा रंग उन्हात टिकत नाही. त्यामुळे झब्बा धुऊन कडक उन्हात वाळवला, तर पुष्कळदा ब्लीचची गरजच पडत नाही.

तरीही बाटली उघडायची वेळ आलीच, तर आधी कपडा बघावा. द्रव ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाण्यातलं द्रावण. ते डागाचा रंग मोडतं, तसेच रेशमाचे, लोकरीचे आणि लायक्राचे धागेही कमजोर करतं. कपड्याच्या लेबलवर कोरा त्रिकोण असेल तर ब्लीच चालतं. त्रिकोणावर फुली असेल तर कुठलंही चालत नाही. आत दोन तिरप्या रेघा असतील तर फक्त क्लोरीन नसलेलं, ऑक्सिजनवर चालणारं ब्लीच वापरावं. रंगीत कपड्याची शंका असेल, तर शिवणीच्या आतल्या बाजूला पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाकून पाहावा.

मशीनमध्ये ब्लीचसाठी वेगळा कप्पा असेल तर तोच वापरावा. नसेल आणि टॉप लोड मशीन असेल, तर आधी पाणी भरू द्यावं, पावडर विरघळून मशीन चार-पाच मिनिटं फिरू द्यावं आणि मगच बादलीभर पाण्यात पातळ केलेलं ब्लीच ओतावं. सुरुवातीलाच टाकलं तर पावडरीतली डाग काढणारी एन्झाइम्स निकामी होतात. थेट कपड्यावर ओतलं तर तिथे विरून भोक पडतं. माप बाटलीवर लिहिलेलं असतं, त्याहून जास्त टाकल्याने कपडा जास्त पांढरा होत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर उलट गंजासारखे पिवळट डाग उठतात.

खरा धोका मात्र मशीनच्या बाहेर आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये मशीन बऱ्याचदा बाथरूममध्येच असतं आणि शेजारी फरशीचं अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणजे उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकाशी. घरकामाच्या मावशींना ‘दोन्ही घाला, लख्ख निघेल’ असं सांगणं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणं आहे. मशीनचा ड्रम साफ करतानाही हीच चूक होते: क्षार काढायची पावडर बहुधा सायट्रिक अ‍ॅसिडची असते. ती आणि ब्लीच एकाच फेरीत कधीच टाकू नये. व्हिनेगरचंही तेच. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात.

उग्र वास येऊन डोळे चुरचुरले, खोकला आला, तर सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत जावं आणि दम लागला तर लगेच दवाखाना गाठावा. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावं. कुणी प्यायलं असेल तर उलटी करवू नये, तोंड धुऊन तडक रुग्णालयात न्यावं आणि बाटली बरोबर घ्यावी. म्हणूनच उरलेलं ब्लीच पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवायची सवय आजच मोडायला हवी. ते मूळ बाटलीतच, उन्हापासून दूर आणि पोरांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावं.