चाचणी औषधाची, कसोटी औषधनिर्मात्याची

माण तालुक्यातील दहिवडी, म्हसवड किंवा गोंदवले परिसरातील माणूस आजारी पडला, की बहुतेक वेळा प्रथम गाठतो ते औषधाचे दुकान. दुखणे मोठे निघाले तर सातारा, तेथून पुणे, आणि कर्करोगासारखा आजार असेल तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा रस्ता धरावा लागतो. पोटापाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरणाऱ्या माणदेशाला हा रस्ता नवा नाही. मात्र अशा मोठ्या रुग्णालयात कधी कधी डॉक्टर एक वेगळाच प्रश्न विचारतात : 'नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. तुम्ही सहभागी व्हाल का?'

या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यांसमोर डॉक्टर असतात, परिचारिका असतात, संमतिपत्र असते. ज्याच्या हातून ते नवे औषध त्याच्यापर्यंत पोहोचते, तो औषधनिर्माता मात्र सहसा नजरेआड राहतो. औषध संशोधनाच्या बातम्यांतही त्याचे नाव क्वचितच येते. वास्तविक चाचणीचा निष्कर्ष खरा की खोटा, आणि सहभागी झालेला रुग्ण सुरक्षित की धोक्यात, हे ठरण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

चाचणी म्हणजे काय?

प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासलेले औषध माणसासाठी सुरक्षित आहे का आणि उपयोगी आहे का, याचा शोध घेण्याची शिस्तबद्ध पद्धत म्हणजे चिकित्सालयीन चाचणी. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर सुरक्षितता पाहिली जाते. दुसऱ्या टप्प्यात योग्य मात्रा आणि परिणामाचा अंदाज घेतला जातो. तिसऱ्या टप्प्यात शेकडो वा हजारो रुग्णांवर प्रचलित उपचाराशी किंवा औषधविरहित प्लॅसिबोशी तुलना होते. औषध बाजारात आल्यानंतरची पाहणी हा चौथा टप्पा. आपल्याकडे या साऱ्या व्यवहारावर २०१९ मधील 'नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमां'चे नियंत्रण आहे. चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नैतिकता समितीची मान्यता लागते. भारतीय चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून त्यातील नोंदणी सक्तीची झाली.

येथे एक गल्लत टाळायला हवी. औषधांचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारा तो औषधशास्त्रज्ञ. तो बहुधा वैद्यकीय महाविद्यालयात असतो आणि चाचणीची आखणी करतो. औषध तयार करणे, साठवणे, तपासून देणे आणि त्याचा हिशेब ठेवणे हे शास्त्र शिकलेला तो औषधनिर्माता. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार त्याची नोंदणी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात 'औषध निर्माण अधिकारी' म्हणून बसणारा कर्मचारी आणि चौकातला 'मेडिकलवाला' हे दोघेही याच व्यवसायाचे.

वढूचा धडा

ग्रामीण भागात चाचणी कशी होते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे सापडते. डॉ. बानू कोयाजी यांनी ग्रामीण आरोग्यसेवेचे काम जेथे रुजवले, त्या वढूच्या रुग्णालयात पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने रोटाव्हायरस लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत भाग घेतला. २०११ मध्ये सुरू झालेली ही चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बालकांवर झाली. दोन बालकांना लस, तर एकाला प्लॅसिबो असे प्रमाण होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाले. २०१६ पासून ही लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने दाखल झाली.

आता याच चाचणीकडे साठ्याच्या बाजूने पाहू. ही लस तेव्हा उणे २० अंश सेल्सिअसला साठवावी लागे. सहा-सात आठवड्यांचे बालक, मग दहा आठवड्यांचे, मग चौदा आठवड्यांचे अशा तीन वेळांना प्रत्येकाला तीच ठरलेली कुपी मिळाली पाहिजे. लस कोणती आणि प्लॅसिबो कोणते, हे आईलाही कळता कामा नये आणि डॉक्टरांनाही. एखाद्या बालकाला दुसऱ्या वेळी चुकून दुसऱ्या गटातील कुपी गेली, तर त्याची गणना कोणत्या गटात करायची? अशा चुका वाढल्या तर उपयोगी लसही निरुपयोगी ठरू शकते. म्हणूनच साठा सांभाळणाऱ्याची वही ही चाचणीच्या आकडेवारीइतकीच महत्त्वाची असते.

कुलपामागचे काम

चाचणीचे औषध नेहमीच्या साठ्यात ठेवता येत नाही. ते स्वतंत्र कुलपात किंवा शीतकपाटात राहते. प्रत्येक खोक्याची आल्याची तारीख, बॅच क्रमांक, संख्या, वापराची मुदत, कोणत्या सहभागी क्रमांकाला किती दिले, किती परत आले आणि उरलेले कसे नष्ट केले, याची नोंद होते. शेवटी आवक आणि जावक यांचा मेळ बसावाच लागतो. तापमानाची नोंदही सतत चालू असते. २ ते ८ अंशांत ठेवायचे औषध वीज गेल्यामुळे १२ अंशांवर पोहोचले, तर औषधनिर्माता ते फेकत नाही आणि वापरतही नाही. ते बाजूला काढतो, किती वेळ किती तापमान होते ते लिहितो आणि प्रायोजक कंपनीचा लेखी निर्णय येईपर्यंत एकही मात्रा बाहेर जाऊ देत नाही.

दुसरे काम गुपित राखण्याचे. दुहेरी अंध पद्धतीच्या चाचणीत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही औषधाचा गट माहीत नसतो. लस किंवा इंजेक्शन दिसायला वेगळे असेल, तर ते भरणारी व्यक्ती मात्र 'जाणती' ठेवावी लागते. बहुधा हे काम औषधनिर्मात्याकडे येते. तो सिरिंज भरतो, गरज पडल्यास तिच्यावर अपारदर्शक पट्टी लावतो आणि रुग्णाच्या तपासणीपासून स्वतःला दूर ठेवतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्यातील भारती विद्यापीठाच्या रुग्णालयातून कोव्हिशील्ड लशीच्या देशातील चाचणीला प्रारंभ झाला, तेव्हा १,६०० स्वयंसेवकांच्या त्या चाचणीची बातमी घराघरांत वाचली गेली. अशा चाचण्यांची विश्वासार्हता सिरिंज भरणाऱ्याच्या मौनावर उभी असते.

तिसरे काम मात्रेचे. टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगावर निव्होलुमॅब हे महागडे औषध अत्यल्प मात्रेत देऊन पाहिले. दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी. १५१ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. हे औषध ४० आणि १०० मिलिग्रॅमच्या कुप्यांत येते. जेथे प्रश्नच 'इतक्या कमी मात्रेने भागते का' असा आहे, तेथे कुपीतून नेमके २० मिलिग्रॅम निर्जंतुकपणे काढणारा हात हा संशोधनाचाच भाग होतो.

उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

चौथे काम वरवर किरकोळ वाटते : गोळ्या मोजणे. समजा, रुग्णाला दिवसाला दोन याप्रमाणे ३० दिवसांच्या ६० गोळ्या आणि प्रवासात उशीर झाला तर म्हणून १० जादा, अशा ७० गोळ्या दिल्या. महिन्याने त्याने १० परत आणायला हव्यात. त्याने २४ आणल्या, तर घेतल्या ४६. म्हणजे पाऊण हिश्श्याहून किंचित अधिक. चारच आणल्या, तर सहा गोळ्या जास्त गेल्या. त्या त्यानेच घेतल्या, हरवल्या की शेजाऱ्याला दिल्या? हे विचारावे लागते, आणि तेही दरडावून नव्हे. दरडावले तर पुढच्या वेळी रुग्ण उरलेल्या गोळ्या वाटेत टाकून येतो. औषध न घेताच 'गुण आला नाही' अशी नोंद झाली, तर चांगले औषध बाद होते किंवा गरजेपेक्षा मोठी मात्रा निश्चित केली जाते.

या मोजणीचा भारतीय वारसा जुना आहे. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयरोगावरील उपचार आरोग्यधामात द्यावेत की घरी, याची प्रसिद्ध चाचणी सुरू झाली. रुग्णांच्या घरी अचानक जाऊन उरलेली औषधे मोजली जात आणि लघवीची तपासणी केली जाई. त्या काटेकोरपणामुळेच घरी घेतलेले उपचारही जवळपास तितकेच गुणकारी असल्याचा १९५९ चा निष्कर्ष जगाने मान्य केला.

कायद्यात जागा कोठे?

चाचणीच्या औषधाची अंतिम जबाबदारी मुख्य संशोधकाची, म्हणजे डॉक्टरांची असते. आंतरराष्ट्रीय नीतिनियमांनुसार ते हे काम औषधनिर्माता किंवा अन्य योग्य व्यक्तीकडे सोपवू शकतात. या 'अन्य योग्य व्यक्ती'मुळे लहान केंद्रांत ही कामे इतर कर्मचाऱ्यांकडेही जाऊ शकतात. नैतिकता समितीतही वैद्यक, कायदा, समाजशास्त्र यांचे जाणकार आणि सामान्य नागरिक असावेत, असे नियम सांगतात. औषधनिर्मात्यासाठी स्वतंत्र जागा राखलेली नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या सहा वर्षांच्या 'फार्म. डी.' अभ्यासक्रमाने रुग्णालयात काम करण्यास तयार असे पदवीधर मिळू लागले आहेत. त्यांचा उपयोग करून घेणे हा पुढचा प्रश्न आहे.

औषधाच्या साखळीत एक कडी निसटली तर काय होते, हे मुंबईने १९८६ मध्ये पाहिले. जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला. ते प्रकरण चाचणीचे नव्हते. पण बाटलीवरील नावावर विसंबू नये, हा त्याचा धडा चाचणीलाही लागू पडतो. चाचणीदरम्यान इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि इजेचा संबंध चाचणीशी असल्यास भरपाई, अशी तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आराखड्याचे उल्लंघन किंवा निष्काळजीपणा यामुळे झालेली इजाही त्यात धरली जाते. अशा वेळी औषधनिर्मात्याची नोंदवही हा रुग्णाच्या हातातील पुरावा ठरू शकतो.

माणमध्ये परतल्यावर

मुंबई-पुण्याच्या केंद्रातील सारी दक्षता घेऊन झाली, की रुग्ण औषधाची पिशवी घेऊन एसटीने गावी निघतो. उन्हाळ्यात माणचा पारा चाळिशीकडे झुकतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून अधिक तापते. खरी कसोटी येथे आहे. औषध फडताळात ठेवायचे की माठाजवळ, हे त्याला कोणी समजावून सांगितले आहे का? गुडघा दुखला म्हणून तो गावातल्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेईल, तेव्हा चाचणीची गोष्ट सांगेल का? क्षयरोगावरील रिफाम्पिसिन अनेक औषधांचा शरीरातून निचरा वेगाने करते, तर बुरशीवरील काही औषधे इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतात. म्हणजे गावातील दुकानात दिलेली एक गोळी दूरच्या शहरातील चाचणी बिघडवू शकते आणि रुग्णाला इजाही करू शकते.

उपाय फार खर्चाचा नाही. चाचणीत सहभागी झाल्याचे आणि संपर्क क्रमांकाचे कार्ड रुग्णाने जवळ बाळगावे. कोणतेही नवे औषध घेण्याआधी ते दुकानदाराला दाखवावे, आणि कार्ड पाहताच नोंदणीकृत औषधनिर्मात्याने केंद्राला दूरध्वनी करावा. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटे न टाकता परत न्यावीत. नेहमीच्या औषधाचा दुष्परिणाम वाटला, तर २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर कळवता येते.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना फायदे-तोटे विचारावेतच. पण आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : 'माझे औषध कोण सांभाळणार आहे, आणि रात्री-अपरात्री मी कोणाला विचारायचे?' या प्रश्नाला नाव आणि दूरध्वनी क्रमांकासह उत्तर मिळाले, तर सही करणारा हात थोडा निर्धास्त होईल.