‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

रात्रपाळीला कारखान्यातला पंप बंद पडतो. बेअरिंग गेलेलं असतं. स्टोअरमधला माणूस संगणकावर ‘बॉल बेअरिंग ६२०५’ टाइप करतो आणि पडद्यावर एकही नोंद येत नाही. सकाळी चढ्या भावाने तातडीची खरेदी होते, तोवर यंत्र उभं. आणि तेच बेअरिंग मागच्या मांडणीवरच्या खोक्यात पडून असतं. कधी तरी कुणी त्याची नोंद ‘बीआरजी ६२०५ झेडझेड’ अशी केलेली असते, तर दुसऱ्या कुणी ‘पंपाचे बेरिंग, २५ मिमी’ अशी. वस्तू एकच, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू, आणि शोधणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दांत त्यातली एकही बसत नाही. देखभाल खात्यात चार वर्षं काढलेल्या कुणालाही हे नवं नाही.

वस्तूंच्या याद्या लावायच्या दोन रीती आहेत. एक वर्गीकरणाची: प्रत्येक वस्तूला आधी ठरवलेल्या चौकटीत जागा द्यायची, कोड द्यायचा. दुसरी शब्दशोधाची: वर्णन जमेल तसं लिहायचं आणि लागेल तेव्हा शोधपेटीत शब्द टाकायचा. गूगलची सवय लागल्यापासून दुसऱ्या रीतीचा जोर इतका वाढला, की ‘सर्च आहे ना, मग कोड कशाला?’ असं जाणती माणसंही विचारतात. हा प्रश्न पोकळ नाही. त्याच्यामागे एक गाजलेला प्रयोग उभा आहे.

इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्ड इथल्या विमानविद्येच्या महाविद्यालयात सिरिल क्लेव्हरडन ग्रंथपाल होते. कोणत्या पद्धतीने सूची केली तर हवा तो शोधनिबंध नेमका सापडतो, हे वाद घालून नव्हे तर मोजून ठरवायचं त्यांनी मनावर घेतलं. १९६० च्या दशकात त्यांनी १,४०० निबंधांवर ३३ प्रकारच्या सूचीपद्धती तपासल्या. त्यासाठी दोन मापं वापरली: जे मिळायला हवं होतं त्यातलं किती मिळालं, आणि जे मिळालं त्यातलं किती कामाचं होतं. आजही शोधयंत्रांची परीक्षा याच दोन मापांनी होते. निकालाने ग्रंथालयशास्त्र हादरलं. तज्ज्ञांनी मेहनतीने घडवलेल्या नियंत्रित शब्दावलींपेक्षा निबंधातले साधे, सुटे शब्दच सरस ठरले. पुढे १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवून दिलं, की जो शब्द थोड्याच नोंदींत येतो त्याला जास्त वजन दिलं तर शोध आणखी नेमका होतो. आजच्या शोधपेटीच्या पोटात हीच तत्त्वं आहेत. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दांची सूची यंत्र आधीच करून ठेवतं. कोणता शब्द कोणकोणत्या नोंदींत आहे हे त्याला तयार ठाऊक असतं. म्हणून तर लाखो नोंदींतून उत्तर क्षणात येतं.

पण क्रॅनफिल्डचे निबंध लिहिणारे आणि शोधणारे एकाच विद्येतले होते, त्यांची परिभाषा एक होती. शिवाय निबंधात शब्दांना तोटा नसतो. वस्तूच्या नोंदीत पाच-सहा शब्द असतात. मोठ्या कंपन्या वापरतात त्या एसएपी प्रणालीत वस्तूच्या छोट्या वर्णनाला ४० अक्षरांचीच जागा असते, म्हणून तर बेअरिंगचं ‘बीआरजी’ होतं. इतक्या तोकड्या मजकुरात एक शब्द हुकला की सगळंच हुकतं.

आणि शब्द हुकतातच. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना ओळखीच्या गोष्टींना आपल्या मनाने नाव द्यायला सांगितलं होतं. दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकच नाव देण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. आपल्याकडे तर पोळी परतायच्या साधनाला कुणी उलथणं म्हणतं, कुणी कालथा, विदर्भात सराटा. त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिताना प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं.

त्याआधी दोन वर्षं, १९८५ मध्ये, डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांचा अभ्यास आला होता. मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका मोठ्या खटल्यासाठी सुमारे ४०,००० कागदपत्रं संगणकावर चढवली होती, संपूर्ण मजकुरात शब्द शोधता येत होते. महत्त्वाच्या कागदांपैकी किमान ७५ टक्के हाती यावेत अशी वकिलांची अट होती, आणि तेवढे आले अशी त्यांची खात्रीही होती. प्रत्यक्षात मिळाले होते सुमारे २० टक्के. कारण ज्याला एक बाजू ‘अपघात’ म्हणत होती, त्यालाच दुसरी बाजू आपल्या कागदांत ‘घटना’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’ म्हणत होती. पाचातले चार कागद निसटले यापेक्षाही चिंतेची गोष्ट ही, की ते निसटल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. शब्दशोधाचा खरा धोका हाच. तो ‘माझ्याकडे आहे, पण तू वेगळं नाव घेतलंस’ असं सांगत नाही. स्टोअरच्या पडद्यावर शून्य नोंदी दिसतात तेव्हा ते शून्य शब्दाबद्दल असतं, वस्तूबद्दल नसतं. खरेदी मात्र वस्तूची होते.

हे दुखणं मोठ्या प्रमाणावर अमेरिकी सैन्याला भोवलं. दुसऱ्या महायुद्धात वेगवेगळी दलं एकच वस्तू आपापल्या नावांनी साठवत होती. एकाकडे ढीग, दुसऱ्याकडे टंचाई. त्यातून १९५२ मध्ये तिथे सामायिक सूचीचा कायदा झाला. आज नाटो देशांच्या भांडारांत प्रत्येक वस्तूला तेरा अंकी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले चार अंक वर्ग सांगतात. सुटी बेअरिंगं ३११० मध्ये. तिथे जाणाऱ्याला वस्तूचं नाव माहीत नसलं तरी चालतं. तो वर्ग उघडतो आणि काय आहे, काय नाही, हे डोळ्यांनी पाहतो.

मग सगळ्यांनी तयार कोड घ्यावेत आणि मोकळं व्हावं? इथे एक फसगत होते. आपल्याकडे जीएसटीमुळे बिलावरचा एचएसएन क्रमांक व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडला आहे. हा क्रमांक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीतून आला. ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. त्यात प्रकरण ८४ यंत्रांचं, ८४८२ बॉल आणि रोलर बेअरिंगांचं, ८४८२१० फक्त बॉल बेअरिंगांचं. अनेक दुकानदार आणि लघुउद्योजक हाच आपला वर्गीकरणाचा कोड समजून चालतात. पण ही चौकट कर आणि व्यापाराची आकडेवारी यांसाठी बेतलेली आहे. या सहा अंकांत ६२०५ आणि ६२०६ एकाच जागी बसतात. सीमाशुल्क अधिकाऱ्याला तेवढं पुरतं, फिटरला पुरत नाही.

वर्ग कशासाठी पाडला यावर सगळं कसं अवलंबून असतं, हे खोबरेल तेलाने सर्वोच्च न्यायालयात दाखवलं. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल तेल हे १५१३ खालचं तेल की ३३०५ खालचं केसांचं प्रसाधन? कराच्या दरात मोठा फरक होता. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं परस्परविरुद्ध पडली. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला: बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही, वेष्टनावर तसं सांगून विकलं तरच ते त्या वर्गात जाईल. बाटलीतला द्रव तोच. आपल्या घरांत तो डोक्यालाही लागतो आणि भाजीतही पडतो. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या वर्गीकरणात मात्र वस्तूला एकाच फांदीवर बसावं लागतं.

ही अडचण ज्यांनी मुळातून सोडवली ते भारतीय होते, आणि त्यांचं नाव ग्रंथपालांपलीकडे फारसं घेतलं जात नाही याची मला खंत वाटते. शियाळी रामामृत रंगनाथन गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो या खेळण्याचा संच पाहिला: त्याच पट्ट्या आणि नटबोल्ट वापरून हवी ती वस्तू जोडता येत होती. १९३३ मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. विषयाला एका ठरावीक खणात टाकण्याऐवजी त्याचे पैलू सुटे करायचे आणि मग जोडायचे, ही त्यातली कल्पना. त्यांनी पाच मूलभूत पैलू मानले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ.

ऑनलाइन दुकानात डाव्या बाजूला माप, रंग, किंमत, कापड असे फिल्टर दिसतात, ती पैलूंचीच मांडणी. आपण शब्द टाकतो, मग दोन-तीन पैलू निवडतो आणि यादी आटोपशीर होते. शब्दशोध आणि वर्गीकरण इथे हातात हात घालून चालतात. मात्र ‘सुती’ हा फिल्टर लावला, की ज्या विक्रेत्याने कापडाचा रकाना रिकामा सोडला त्याचे सुती शर्ट गुपचूप गायब होतात. ब्लेअर-मॅरन यांनी दाखवलेला धोका तोच, फक्त दार वेगळं.

बेअरिंगवाल्यांनी हे पैलू क्रमांकातच गुंफून ठेवले आहेत. ६२०५ मधला ६ सांगतो की हे एकेरी रांगेचं खोल खाचेचं बॉल बेअरिंग आहे, २ मापांची मालिका सांगतो, आणि शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो: २५ मिमी. मालिकेवरून बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिमी ठरते. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं आवरण. हे चार पैलू चार वेगळ्या रकान्यांत भरले, की तिसरा माणूस चौथ्या नावाने नवी नोंद करू लागताच यंत्रणा त्याला आधीची नोंद दाखवू शकते.

आता म्हणतात, कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ती अर्थ ओळखून शोधते. नावांचा गोंधळ ती बराच निस्तरते हे खरं. उलथणं टाकलं तर कालथा दाखवणं तिला जमू लागलं आहे. ही पद्धत प्रत्येक वर्णनाचं आकड्यांच्या लांब रांगेत रूपांतर करते आणि ज्यांच्या रांगा जवळ येतात त्या वस्तू सारख्या मानते. पण तिच्या हिशेबात ६२०५ आणि ६२०६ अगदी शेजारी-शेजारी येतात. दुसऱ्याचा आतला व्यास ३० मिमी. ते २५ मिमीच्या शाफ्टवर बसत नाही, आणि इथे ‘जवळपास’ला काहीच किंमत नाही. तेव्हा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी हे रकाने कुणी तरी व्हर्नियर हातात घेऊन, एकेक खोकं उघडून भरायलाच हवेत. बहुतेक ठिकाणी हे काम नव्या शिकाऊ मुलाकडे ढकललं जातं. ते स्टोअरमधल्या सर्वांत जुन्या, माल हाताळून ओळखणाऱ्या माणसाला द्यावं, आणि त्यासाठी त्याला रोजच्या कामातून वेळ मोकळा करून द्यावा.