सायकलीची हौस आणि वाढता संसार

सायकल आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. दुधाच्या किटल्या लटकावून गावातून शहराकडे येणारा गवळी, कॅरिअरवर गवताचा भारा बांधून घरी परतणारा शेतकरी, चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या मुली, या सर्वांना ती रोज साथ देते. त्यांना कोणी ‘तुम्हाला सायकलीचा छंद आहे का?’ असं विचारलं तर ते हसतील. त्यांच्या दृष्टीने तो छंद नव्हे, ती गरज आहे.

पण गेल्या काही वर्षांत आमच्या नाशिकमध्ये सायकलीचा आणखी एक प्रकार रुजला आहे. डॉक्टर, वकील, नोकरदार आणि माझ्यासारखे काही प्राध्यापक पहाटे अंधारातच सायकली बाहेर काढतात. कोणी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागतो, कोणी सिन्नरच्या, कोणी कसाऱ्याच्या घाटाकडे जातो. काम नाही, सामान नाही, केवळ हौस! ही हौस वाढत्या संसारात बसवायची कशी, याविषयी आज थोडं बोलणार आहे. सायकलीच्या जागी कोणी भजनी मंडळ समजावं, कोणी नाटक, कोणी कबड्डी. हिशेब तोच लागू पडेल.

नाशिकच्या सायकलस्वारांनी मोठा पराक्रम केला आहे हे प्रथम सांगितलं पाहिजे. अमेरिकेत ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची शर्यत होते. पश्चिम किनाऱ्यावरून निघायचं आणि सुमारे ४,८०० किलोमीटर सायकल मारीत पूर्व किनारा गाठायचा. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांचा संघ करून ती नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुढे २०१७ साली, त्या वेळी नाशिकला असलेले सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. अशी उदाहरणं डोळ्यांसमोर असली म्हणजे साध्या माणसालाही हुरूप येतो.

मलाही आला. आमच्यासारख्यांसाठी ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार असतो. पॅरिसच्या एका जुन्या क्लबने घालून दिलेल्या नियमांनुसार तो जगभर चालतो. यात पहिला-दुसरा नंबर नसतो, ठरलेलं अंतर ठरलेल्या मुदतीत संपवायचं असतं. २०० किलोमीटरना साडेतेरा तास, ३०० ना २०, ४०० ना २७ आणि ६०० ना ४० तास. वाटेत ठिकठिकाणी आपल्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि वेळ लिहून घ्यायची. चारही अंतरं एकाच वर्षात पुरी करणाऱ्याला मानाचा किताब मिळतो. या चार मुदतींची बेरीज करून पाहा, शंभर तासांहून थोडी अधिकच भरते! त्यात सरावाचे रविवार धरलेले नाहीत.

माझी मोठी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि धाकटा नऊ महिन्यांचा. मी ३०० किलोमीटरच्या फेरीला गेलो होतो. मध्यरात्रीनंतर घरी पोचलो, तो घरात दिवे चालू. संध्याकाळपासून धाकट्याला सणकून ताप भरला होता. मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवून पत्नीने रिक्षाने त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. माझा फोन बॅटरी संपून बंद पडला होता. मुलाचा ताप तोवर उतरला होता, म्हणून बरं. मी कार्ड टेबलावर ठेवलं. तिने ते उचलून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “तुमच्या या कार्डावर जागोजाग वेळ लिहून देतात. माझा रविवार कुठे लिहून ठेवतात हो?”

मला उत्तर देता आलं नाही. तिला नोकरी आहे, घर आहे, दोन मुलं आहेत. ‘तब्येतीसाठी जातो’ हे माझं नेहमीचं कारण ओठांवर आलं होतं, ते तसंच गिळलं. पुढच्या आठवड्यात मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि त्या कारणाचाच हिशेब मांडला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. माझं कॉलेज घरापासून सहा किलोमीटर. बेताच्या वेगाने एका वेळेस पंचवीस मिनिटं, जाऊन-येऊन पन्नास. आठवड्याचे पाच दिवस धरले तर २५० मिनिटं झाली! म्हणजे तब्येतीसाठी लागणारी सायकल कॉलेजला जाता-येताच होते. उरलेला रविवार तब्येतीचा नव्हे, तो आनंदाचा. आनंद हवाच, पण त्याला औषधाचं नाव देऊन तो घरच्यांकडून वसूल करू नये. औषधाला घरात कोणी नाही म्हणत नाही. आनंदासाठी मात्र विचारावं लागतं, आणि कधी नकारही ऐकावा लागतो.

दुसरा हिशेब परतफेडीचा. घरातला मोकळा वेळ हा सामाईक गल्ला आहे. एकाने त्यातून चार तास उचलले, तर तेवढंच काम दुसऱ्याच्या अंगावर पडतं. महाजन बंधूंच्या प्रकारची दोघांची शर्यत कशी चालते ते पाहा. एक जण सायकल चालवतो तेव्हा दुसरा मागच्या गाडीत विश्रांती घेतो, मग पाळी बदलते. जेवण-पाणी देणारी, रस्ता दाखवणारी मंडळी बरोबर असतातच. एकाने पाळी सोडायचीच नाही म्हटलं तर दुसऱ्याला झोप कशी मिळणार? आमच्या घरी आता पाळी ठरली आहे. एका रविवारची सकाळ माझी, दुसऱ्या रविवारची तिची. तिच्या रविवारी ती काय करते हे मी विचारत नाही. मुलांची आंघोळ, नाश्ता, धाकट्याची रडारड माझ्याकडे असते. पहिल्या तीन रविवारी मला जे कळलं, ते ३०० किलोमीटरमध्ये कळलं नव्हतं.

तिसरी गोष्ट मुलांना बरोबर घेण्याची. इथे उत्साहापेक्षा सावधपणा अधिक लागतो. मूल साधारण वर्षाचं होऊन आधाराशिवाय नीट बसू लागेपर्यंत त्याला सायकलीवर घेऊ नये. पुढे घेताना पट्ट्याचं आसन हवं आणि डोक्याला हेल्मेट. नुसत्या कॅरिअरवर बसवलेल्या मुलाचा पाय चाकाच्या तारांत जाऊन मोठी दुखापत होते. त्यासाठी पाय टेकायला जागा आणि चाकाला बाजूने जाळी पाहिजे. आपल्याकडे हे अपघात टाळता येण्याजोगे असूनही घडतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

मुलगी सायकल शिकण्याजोगी झाली तेव्हा मला माझं लहानपण आठवलं. तासावर भाड्याने आणलेली मोठी सायकल, दांड्याखालून पाय घालून अर्धं पायडल, आणि फुटलेले गुडघे! आता सोपी रीत आहे. सीट इतकी खाली घ्यायची की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पायडलं काढून ठेवायची आणि मुलाला पायांनीच ढकलत सायकल पुढे न्यायला सांगायचं. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की चाकं पुन्हा वजनाखाली येतात आणि ती सावरते. मुलाच्या हातांना हे एकदा उमगलं, की मग पायडलं बसवावीत. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग शाळेच्या मैदानावर जरूर करावा. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या अनेक मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सायकल मिळाली, पण चालवायला कोणी शिकवलं नाही, असं होऊ नये.

यातून आणखी एक लक्षात येतं. सायकलीचा तोल एकदा साधून ठेवून द्यायचा नसतो. सरळ रस्त्यावरही हँडल सारखं थोडं-थोडं हलत असतं. संसारातही आज ठरवलेली पाळी सहा महिन्यांनी मोडते. मुलांच्या परीक्षा येतात, आई-वडिलांचं आजारपण येतं. तेव्हा पुन्हा बसून ठरवायचं.

४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या मी सध्या बाजूला ठेवल्या आहेत. वाईट वाटतं, नाही असं नाही. पहाटे मित्रांचे दिवे रस्त्याने गेलेले दिसले की पाय शिवशिवतात. पण गेल्या महिन्यात मुलगी आणि मी गंगापूर धरणाकडे गेलो. ती तिच्या सायकलीवर, मी माझ्या. दर दोन किलोमीटरला थांबत, पाणी पीत, ऊस खात. परतताना तीच पुढे होती आणि ओरडून म्हणाली, “बाबा, लवकर या ना! आज आईचा रविवार आहे, पोळ्या आपल्याला लाटायच्यात!”