‘नॉर्मल’ आकड्याआड दडलेली उणीव

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की आपली नजर प्रथम ठळक छापलेल्या आकड्यांकडे जाते. ठळक काही नसेल, तर कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला जातो. घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही घाई नडते; त्यातही जीवनसत्त्व बी-१२ च्या बाबतीत अधिक.

बहुतेक अहवालांत बी-१२ ची खालची मर्यादा २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास असते. समजा, आपल्या आईंचा आकडा २३० आला. कागदावर सारे आलबेल. परंतु २०० ते ३०० हा टप्पा संदिग्ध मानला जातो. त्यातील काहींच्या शरीराला हे जीवनसत्त्व प्रत्यक्षात अपुरे पडत असते. तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना जाणारा तोल, वाढता विसराळूपणा यांपैकी काही जाणवत असेल, तर ‘वयच झाले आता’ म्हणून सोडून देऊ नये. लक्षणे आणि आकडा दोन्ही डॉक्टरांपुढे एकत्र ठेवावीत. शंका उरल्यास ते होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी सुचवू शकतात. उणीव असता ही दोन्ही वाढतात. मूत्रपिंडे दुबळी असली तरीही ती वाढतात, हे मात्र ध्यानी असावे.

हिमोग्लोबिन उत्तम असताना उणीव कशी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. अ‍ॅनिमिया न होताही मज्जातंतूंना इजा पोहोचू शकते. शिवाय बी-१२ ची उणीव तशीच ठेवून केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि आतली इजा चालूच राहते. ती दीर्घकाळ राहिली, तर पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

म्हणून डॉक्टरांना काही गोष्टी न विचारताच सांगाव्यात: आहार शाकाहारी आहे का, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किती वर्षे चालू आहे, आम्लपित्ताची गोळी रोज घेतली जाते का, पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झाली आहे का. बी-१२ चे इंजेक्शन नुकतेच घेतले असेल, तर चढलेल्या आकड्यावरून मूळ स्थिती कळत नाही.

जीवनसत्त्व ‘डी’ची गोष्ट उलटी. येथे उणीव सर्रास आढळते, पण धोका अतिरेकाचाही असतो. ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठी नीट न वाचल्याने ती रोज घेतली गेल्याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत. अशाने रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मळमळ, बद्धकोष्ठता, अति तहान, प्रसंगी भ्रम होतो. पुडीवर घेण्याचा वार ठळक लिहून ठेवावा, आणि ठरलेला कालावधी संपल्यावर पुन्हा आपल्याच मनाने ती आणू नये.

लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन शरीरात जंतुसंसर्ग किंवा सूज असताना वाढते. अशा वेळी पुरेसा दिसणारा आकडा फसवा असू शकतो. उलट, रक्तातील अल्ब्युमिन कमी असेल, तर एकूण कॅल्शियम उगाचच कमी दिसते.

मुले परदेशी असतील आणि तेथील अहवालाशी तुलना करायची असेल, तर एकक आधी पाहावे. आपल्याकडील ‘डी’चे २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे तिकडचे ५० नॅनोमोल प्रति लिटर. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास रक्त देण्यापूर्वीच प्रयोगशाळेत तसे सांगावे. काही तपासण्यांचे आकडे त्यामुळे चुकतात.