हिरड्यांतून येणारे रक्त काय सांगते?

रमजानमध्ये तोंडाच्या स्वच्छतेकडे घरोघरी जास्त लक्ष असते. सहेरी आटोपून कुणी ब्रश करतो, तर कुणाच्या खिशात मिसवाक, म्हणजे पिलूच्या झाडाची काडी असते. मात्र थुंकीत रक्त दिसले की ‘उष्णतेने झाले असेल’ म्हणून आपण सोडून देतो. रोजा असो वा नसो, हे रक्त दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर शरीर आपले पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, तिकडे धाडते. हिरडी लाल होते, सुजते. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागताच बऱ्या झाल्या.

सूज वर्षानुवर्षे राहिली तर मात्र काहींच्या बाबतीत दुखणे हाडापर्यंत पोचते. हिरडीत जमलेल्या टी आणि बी पेशी ‘रँक-एल’ नावाचे प्रथिन तयार करतात. त्याच्या इशाऱ्याने हाड विरघळवणाऱ्या पेशी तयार होतात. एरवी हाड झिजणे आणि भरणे यांचा मेळ असतो. इथे तो बिघडतो आणि दाताला धरून ठेवणारे हाड खचते. म्हणजे आग जंतू लावतात, पण घराची बरीच मोडतोड ती विझवायला आलेल्यांकडूनच होते.

मग पहारेकरीच नकोत का? तसेही नाही. एका दुर्मिळ जन्मजात आजारात या पांढऱ्या पेशींपैकी काही रक्तातून हिरडीपर्यंत पोचूच शकत नाहीत. अशा मुलांचे हाड तर लहानपणीच झपाट्याने झिजते. गरज आहे ती समतोलाची.

मधुमेह हा समतोल बिघडवतो, तंबाखूही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्त कमीच येते, त्यामुळे आजार झाकला जातो. मिशरी लावून दात घट्ट होतात, हाही गैरसमजच.

सुजलेली हिरडी बरी होते. गेलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. म्हणून दात हलण्याची वाट पाहू नका. इफ्तारनंतर झोपण्यापूर्वी आणि सहेरीनंतर दात नीट घासा, दातांच्या फटी साफ ठेवा. रक्त येतच राहिले तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. वेळीच दाखवले तर दात वाचू शकतो.