दर्याचा सातबारा

चिंचणीच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच त्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, हा रिवाज कोणत्याही कायद्यापेक्षा जुना आहे. शासनाचे पंचांग मात्र निराळे आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. २०२४ साली नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला आली. म्हणजे कायद्याने दर्या मोकळा केला, तेव्हा रिवाजाचे अठरा दिवस अजून शिल्लक होते. ही बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मागणी पालघर जिल्ह्यातील मच्छीमार संस्था वारंवार करीत आल्या आहेत.

मासे धरणाऱ्यांनीच ‘आम्हाला आणखी काही दिवस मासे धरू देऊ नका’ असे म्हणावे, हे वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु त्यामागचा हिशेब सरळ आहे. एका गावाने होड्या किनाऱ्यावर ठेवल्या आणि शेजारचे बंदर सुरू झाले, तर पहिल्याचा संयम ही दुसऱ्याची कमाई ठरते. आपला नियम दुसऱ्याला बांधण्याचा अधिकार गावाला नाही, म्हणून त्याला शासनाच्या दारी जावे लागते.

हा प्रश्न केवळ चिंचणीचा नाही. प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर उकुनिवानुआ नावाचे एक गाव आहे. तेथील लोकांचे पोट ज्या शिंपल्यांवर चाले, ते कमी होत चालले होते. १९९७ साली गावाने आपल्या पाण्यापैकी २४ हेक्टरांचा पट्टा बंद केला. सात वर्षांनी बंद पट्ट्यात शिंपल्यांची संख्या तेरापट आणि लगतच्या पाण्यात पाचपट झाल्याचे मोजणीत आढळले. या यशाचे श्रेय गावाच्या शहाणपणाइतकेच आणखी एका गोष्टीला आहे. फिजीमध्ये गावोगावच्या परंपरागत मासेमारीच्या पाण्याची सरकारदप्तरी नोंद असते. आज राखलेले उद्या आपल्याच हाती येईल, ही खात्री असल्यामुळे राखणे परवडले. सामोआ या बेटांच्या देशाने तर १९८८ च्या कायद्याने गावाने केलेल्या मासेमारीच्या नियमांना कायद्याचे बळ दिले.

आपल्याकडे शेताच्या तुकड्याला सातबारा असतो. दर्याला तो नाही. तरीही दर्यात वहिवाट नाही, असे कोणी समजू नये. या पट्ट्यातील डोलीची मासेमारी पाहावी. समुद्राच्या तळाशी खांब रोवायचे, त्यांना कव म्हणतात. त्यांना पिशवीसारखे लांब जाळे बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, मांदेली, जवळा आत येऊ द्यायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला जोर असतो, तेव्हा डोल भरते. भांगाच्या दिवसांत ओढ मंदावली की जाळ्यालाही विश्रांती मिळते. जागा ठरलेली असल्याशिवाय ही मासेमारी चालणेच शक्य नाही. कोणाची कव कोठे, हे शेजाऱ्याला ठाऊक असते आणि ते पाळलेही जाते. परंतु ही वहिवाट तोंडी आहे. म्हणूनच वसई-उत्तनकडील आणि पालघर-डहाणूकडील मच्छीमारांमध्ये कवींच्या हद्दीवरून वर्षानुवर्षे तंटा चालत आला आहे.

या तंट्याकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की, गावांच्या हाती कारभार दिला तर भांडणेच माजतील. आक्षेप पोकळ नाही. डोलीच्या खोल्याची वीण बारीक असते, त्यात पापलेटची पिल्लेही सापडतात, हा दोषही डोळ्यांआड करता येणार नाही. पण त्यावर शासनाने योजलेला उपाय तरी कितपत पुरेसा आहे? २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले. हेतू उत्तमच होता. मात्र डोल मासा मोजून आत घेत नाही, आणि तपासनीस धक्क्यावर पट्टी लावतो तेव्हा पिल्लू मेलेले असते. कोणत्या आठवड्यात, कोणत्या भागात पिल्ले येतात आणि तेव्हा कोणत्या कवीवर जाळे लावू नये, हे ठरवू शकतो तो तेथे रोज जाणाराच. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा बंदी घालण्याचे आणि दंड करण्याचे अधिकार शासनाला देतो. गावाने एकमताने घातलेल्या बंदीला मात्र त्यात आधार सापडत नाही.

आणि समजा, गावाने जाळी आवरली, तरी दर्या राखला जाईल का? उकुनिवानुआच्या शेजारी तारापूरसारखी औद्योगिक वसाहत नव्हती. त्या वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, आणि २०२२ मध्ये लवादाने उद्योगांवर पर्यावरणीय भरपाई बसवली. चिंचणीच्या उत्तरेस काही किलोमीटरवर असलेल्या वाढवणची कहाणी तर सर्वश्रुत आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला; १९९६ साली नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये तेथील बंदर नाकारले; त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये बंदराला अटींसह संमती दिली. २०२४ साली ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची कोनशिला बसली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव योजला आहे.

बंदर देशाच्या व्यापाराला हवे की नको, याविषयी मतभेद असू शकतात. पण एवढे क्षेत्र जर शेतीचे असते, तर गटवार याद्या झाल्या असत्या, प्रत्येक खातेदाराला नोटीस गेली असती, मोबदल्याचा दर ठरला असता. दर्याच्या बाबतीत मच्छीमारालाच आधी सिद्ध करावे लागते की, तो तेथे होता. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कागदावर नसली की ती पुसणे सोपे जाते.

म्हणून पहिले काम नोंदीचे आहे. गावोगावच्या कवींची आणि जाळ्यांच्या पाण्याची पाहणी मच्छीमार संस्थांना बरोबर घेऊन व्हावी. हद्दीचे तंटे त्याच वेळी समोरासमोर मिटवावेत. मासळी सुकविणाऱ्या आणि बाजारात नेणाऱ्या स्त्रियांची नावेही त्या नोंदीत यावीत, कारण दर्याच्या उत्पन्नावर संसार त्याही चालवतात. त्यानंतर किनाऱ्यालगतच्या पाण्यापुरते, गावांनी मिळून केलेल्या नियमांना कायद्याचे पाठबळ द्यावे. ते मोडणाऱ्याला शासनाने दंड करावा, मग तो गावातला असो वा बाहेरचा.

नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणाऱ्या माणसाला संयम शिकवण्याची गरज नाही. त्याच्या थांबण्याचे फळ त्यालाच मिळेल, एवढी हमी देणारा कागद तेवढा त्याच्यापाशी नाही.