नेहमीचं बीपी किती?

गुलमंडीत सुपारी हनुमानाला हात जोडून मी जवळच्या एका रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात शिरलो. तिथले डॉक्टर दहा दिवस रजेवर होते, त्यांच्या जागी मी. मी फिजिशियन, बरीच वर्षं आयसीयूत काढलेला. फायली वाचायच्या, औषधं चालू ठेवायची, एवढंच बदलीचं काम, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्याच खाटेपाशी सिस्टरांनी अडवलं. "सर, काकांचा उजवा हात धरून उठवू नका." अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू ढिले पडतात, हात ओढला की सांधा निसटू शकतो. काका कापडाचे व्यापारी. दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसायचं आणि आपलं आपण उठायचं, एवढंच त्यांचं मागणं. रुग्ण किती स्वावलंबी झाला ते बार्थेल मोजपट्टीवर ठरतं. १९६५ सालची ही पट्टी, दहा कामांचे मिळून १०० गुण. खाटेवरून खुर्चीत बसणं त्यात आहे, जिना आहे. जमिनीवरून उठणं मात्र नाही. ते मी फायलीत वेगळं लिहून ठेवलं.

चौथ्या रात्री साडेअकराला फोन आला. मोटरसायकलच्या अपघातात मानेच्या मणक्याला मार बसलेला तरुण. डोकं ठणकतंय, चेहरा लाल, कपाळावर घाम, वरचं बीपी १५०. मी फोनवरच गोळी सांगणार होतो.

"सर, त्याचं नेहमीचं नव्वद असतं."

मी धावलो. अशा रुग्णाला मूत्राशय तुंबल्याचं कळत नाही, पण शरीराला कळतं. इजेच्या खालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढत जातं. वेळेत उतरलं नाही तर मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. मी पोचलो तोवर सिस्टरांनी त्याला उठवून बसवलं होतं, पाय खाली सोडले होते, पोटाचा पट्टा सैल केला होता. लघवीची नळी त्याच्याच मांडीखाली दुमडली होती. ती सरळ केली, पिशवी भरू लागली. दर पाच मिनिटांनी बीपी घेत आम्ही उभे होतो. १३०. ११०. गोळी लागलीच नाही.

आजवर मी दीडशेकडे दीडशे म्हणूनच पाहत आलो होतो. त्या रात्री प्रत्येक खाटेपाशी जाऊन सिस्टरांना एकच विचारलं, याचं नेहमीचं किती?

दहाव्या दिवशी विभागाची नोंदवही परत दिली. त्यात पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: खाट ३, नेहमीचं बीपी ९०/६०, डोकं दुखलं की आधी नळी पाहा. खाट १, गादीवरून उठताना अजून आधार लागतो. तो कमरेला द्यावा.